मटणाच्या फळीवरचा टोप

शरद ऋतू पंचांगात असतो. नवीन पनवेलला ऑक्टोबर असतो. दसऱ्याची आपट्याची पानं टीव्हीच्या टेबलावर सुकलेली, दिवाळीचे कंदील अजून दुकानदाराच्या पोटमाळ्यावर, आणि मधल्या या दिवसांत संध्याकाळचे सात वाजले तरी भिंती दुपारची ऊब सोडायला तयार नसतात. अशाच एका बुधवारी जुडाह वाक्रुळकर, वय अठ्ठावन्न, खांदा कॉलनीतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आयुष्यातलं पहिलं जेवण बनवणार होता. त्या जेवणावर त्याच्या बायकोचं विमान अवलंबून होतं.

जुडाह आणि शुलामिथची एकुलती एक मुलगी तोवा सात वर्षांपूर्वी लग्न करून इस्रायलला, अश्दोदला गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर तिला पहिलं बाळ व्हायचं होतं. आईने तीन महिने तिकडे जाऊन राहायचं असं ठरलं होतं. म्हणजे तोवाने ठरवलं होतं, जावयाने ठरवलं होतं आणि जुडाहने ठरवलं होतं. शुलामिथने काही ठरवलं नव्हतं. तिकडे अधूनमधून सायरन वाजतात, विमानं ऐनवेळी रद्द होतात, त्यामुळे ती बिचारी घाबरली असेल असं लोकांना वाटायचं आणि ती लोकांना वाटू द्यायची. सायरनचं तिला काही नव्हतं. तिची काळजी घरातच होती: दहा बाय आठचं स्वयंपाकघर, आणि त्यात तीन महिने मोकळा सुटलेला नवरा.

तोवा वडिलांकडे सहसा काही मागत नसे. शाळेत असताना सायकल मागितली होती, नंतर लग्नाची परवानगी. मागच्या आठवड्यात आई आंघोळीला गेलेली बघून तिने फोनवर तिसरी गोष्ट मागितली.

"बाबा, आईला पाठवा. मला भीती वाटते."

कसली, हे जुडाहने विचारलं नाही. पाठवतो, म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की शुलामिथला कुठेही पाठवणं त्याला तेहतीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही.

जुडाह कळंबोलीला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होता. बंदरावर आलेल्या कंटेनरमध्ये काय आहे ते कंटेनर न उघडता, नुसते कागद वाचून ओळखायचं, हे त्याचं काम. वर मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं त्यावर तो कधीच विश्वास ठेवत नसे. तळाशी बारीक अक्षरांत जे असतं तिथून सुरुवात करी. एकदा खेळण्यांच्या नावाखाली आलेला फटाक्यांचा माल त्याने केवळ वजनाच्या आकड्यावरून पकडला होता. ऑफिसात लोक त्याला घाबरून असत. घरात मात्र साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा डबा उघडला आहे हे त्याला चहा प्यायल्यावर कळे.

पण शुलामिथची अडचण मीठ-साखरेची नव्हती. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात मटण आणि दूध एकमेकांना भेटत नाहीत. ताटात नाही, पोटात नाही आणि भांड्यात तर मुळीच नाही. शुलामिथच्या स्वयंपाकघरात वरची फळी दुधाची होती, खालची मटणाची. कोंबडी या हिशेबात मटणच. दोन्ही फळ्यांवरच्या भांड्यांना घासायचा काथ्या वेगळा, पुसायचं फडकं वेगळं. शिवाय खालच्या फळीवरच्या प्रत्येक भांड्याच्या काठाखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. ती बाटली शुलामिथने नखांना कधी लावली नव्हती. ठिपके झिजले की नवे लावायला ती होती.

आणि तरीही दोन वर्षांपूर्वी दूध प्रकरण घडलं होतं.

शुलामिथ मावशीच्या दफनाला दोन दिवस अलिबागला गेली होती. जुडाहने चहासाठी दूध तापवलं, हाताला जो टोप लागला त्यात. हाताला लागला तो खालच्या फळीवरचा पसरट टोप, जाड बुडाचा, शुलामिथच्या आईने तिला लग्नात दिलेला. ठिपका दिसला तोवर दूध वर आलं होतं आणि उतूही गेलं. जुडाहने टोप घासला, पुसला, जागेवर ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे त्या टोपात मटण शिजत राहिलं. मग एके दिवशी तळमजल्यावरची कमळाबाई जिन्यात सहज बोलून गेली, वयनी, तू नव्हतीस तवा तुज्या घरात दूध उतू गेलं, वास पार खाली आलेला. शुलामिथने वर येऊन एकच प्रश्न विचारला, कशात तापवलं होतं. जुडाहने उत्तर दिलं. ती भांडली नाही. तिने दिवसभर खपून खालच्या फळीवरचं एकूण एक भांडं उकळत्या पाण्यातून काढलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. जुडाहला वाटलं, प्रकरण मिटलं.

तेव्हा आता तोवासाठी त्याने बायकोला गळ घालायला सुरुवात केली. मी करून खाईन, म्हणाला. शुलामिथ हसली. मग त्याने विचारलं, करून दाखवू का? येत्या रविवारीच करतो.

"रविवारी कोणीही स्वयंपाक करतं," शुलामिथ म्हणाली. "बुधवारी करून दाखवा."

बुधवार म्हणजे कामाचा दिवस. ऑफिसातून दमून आल्यावर, साडेआठच्या आत जेवण टेबलावर हवं. एकाच भांड्यात व्हायला हवं, कारण पाच भांडी काढून तीन महिन्यांचा ढीग बेसिनमध्ये लावलेला तिला चालणार नव्हता. तिला काही विचारायचं नाही. ती गॅलरीत पाठ करून बसेल. जमलं तर त्याच रात्री तोवाने तिकीट काढावं. नाही जमलं तर तोवाने सासूला बोलवावं. तोवाची सासू हैफाला असते आणि तिला उकडलेल्या बटाट्यापलीकडे काही येत नाही, हे शुलामिथने अटींमध्येच सांगून टाकलं, म्हणजे नापास झाल्यास काय होईल याची सगळ्यांना कल्पना असावी.

जुडाहच्या हातात सात दिवस होते. त्याने कमळाबाईला गाठलं.

कमळाबाई घरत पासष्टच्या पुढची. ज्या जागेवर ही बिल्डिंग उभी आहे तिथे तिच्या सासऱ्याची भातखाचरं होती. आता तिथे तिचे तीन फ्लॅट होते आणि मागच्या भिंतीला लागून सहा फूट माती, ज्यात ती लाल भोपळे लावायची. भोपळ्याचे वेल पहिल्या मजल्याच्या ग्रिलवर चढतात म्हणून सोसायटीने तिला तीनदा नोटीस दिली होती. तिन्ही वेळा तिने नोटीस आणणाऱ्याच्या हातावर भोपळ्याची फोड ठेवली होती. चौथी नोटीस अजून निघालेली नव्हती.

डॉक्टरांनी साखरेसाठी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे, असं घरी सांगून जुडाह बाहेर पडायचा. ते खरंही होतं. फक्त तो दोन मजले उतरून कमळाबाईच्या ओट्यापाशी थांबायचा. तिने त्याला एकाच भांड्यातलं सोपं जेवण शिकवायला घेतलं. तेलात कांदा, त्यावर कोथिंबीर-मिरची-आलं-लसणाचं हिरवं वाटण, हळद, भोपळ्याच्या मोठ्या फोडी, धुतलेले तांदूळ, नारळाचं दूध, झाकण. ऑक्टोबरमध्ये भोपळा पिकून गोड झालेला असतो, त्यामुळे निम्मं काम तोच करतो, असं तिचं म्हणणं. यात ती घालायची कोळंबी. जुडाहने कोंबडी घालायची होती, कारण ज्या पाण्यातल्या प्राण्याला खवले नाहीत तो त्यांच्याकडे चालत नाही. कमळाबाईला हे पंचवीस वर्षं माहीत होतं आणि पंचवीस वर्षं तिला त्याचं वाईट वाटत होतं.

"मूठभर सुकट टाकली तर देवाला काय कलनार हाय?" ती दर वेळी विचारायची. जुडाह दर वेळी मान हलवायचा.

त्यामुळे झालं असं, की सात संध्याकाळी त्याने जो पदार्थ सात वेळा रांधला, तो त्याने एकदाही चाखला नाही. चमचा तोंडाकडे नेण्याची वेळ आली की तो कमळाबाईच्या हाती द्यायचा.

"तू नाक लाव, जुडाभाऊ," ती म्हणायची. "जीभ मी लावते."

तो नाक लावायला शिकला. कांद्याचा कच्चा वास कधी जातो, हळद कधी माघार घेते, तांदूळ पाणी पिऊन गप्प झाले की वाफेचा वास कसा बदलतो. मीठ किती हे त्याला तळहाताच्या खळग्यावरून कळू लागलं. मंगळवारी कमळाबाईने चाटून पुसून टोप रिकामा केला आणि आता तुला कोनाची गरज नाय, असं प्रशस्तिपत्र दिलं. ते ऐकून त्याला वाटायला हवा होता तितका आनंद झाला नाही. जिना चढताना त्याला पहिल्यांदा हिशेब लागला, की परीक्षा पास झालो तर तीन महिने घरात कोणी नसेल.

बुधवारी तो पावणेसातला घरी पोचला. शुलामिथ ठरल्याप्रमाणे गॅलरीत खुर्ची टाकून, पाठ करून बसली होती. समोरच्या कुंडीला फोन टेकवलेला, फोनमध्ये तोवा. तिकडे दुपारचे सव्वाचार वाजले होते. पोटावर हात ठेवून सोफ्यावर पडल्या पडल्या ती परीक्षेचं थेट प्रक्षेपण मागत होती आणि आई वळायला तयार नाही, वर फोनचा मागचा कॅमेरा चालू, त्यामुळे तिला फक्त समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसत होते.

जुडाहने हात धुतले. खालच्या फळीवरून शुलामिथच्या आईने दिलेला टोप काढला, ठिपका बघितला, बोटाने चाचपला, पुन्हा बघितला. सिनेगॉगच्या हज्जानकडून रीतीने कापून आणलेली, शुलामिथने मिठात ठेवून तीन पाण्यांनी धुतलेली कोंबडी फ्रीझरमधून सकाळीच खाली काढून ठेवली होती. भोपळ्याची फोड कमळाबाईने कालच दिली होती. कोथिंबीर होती. मग त्याने नारळ फोडला.

नारळ आत काळा होता.

वास इतका होता की गॅलरीत शुलामिथची पाठ किंचित ताठ झाली. पण ती वळली नाही. अट तिचीच होती. जुडाह नारळाची दोन्ही भकलं पिशवीत गुंडाळून जिना उतरला. कमळाबाईच्या दाराला कुलूप. ती भाचीकडे रोडपालीला गेली होती, आठच्या सुमाराला येणार होती. कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ संपले होते. दुकानदाराने फळीवरचं हिरवं पाकीट पुढे केलं. नारळाच्या दुधाची पावडर. कोमट पाण्यात तीन चमचे घालायची, दूध तयार. पाकिटावर अर्धा नारळ, त्याच्या शेजारी दुधाचा फवारा आणि मागे झावळ्या. चष्मा घरी ओट्यावर राहिला होता. ज्याने तीस वर्षांत एकाही पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवला नव्हता, त्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं, सव्वासात वाजले होते, आणि पाकीट घेऊन दोन दोन पायऱ्या चढत वर आला.

त्यानंतर सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. कांदा लाल झाला. वाटण घातल्यावर घरभर हिरवा वास सुटला. कोंबडीचे तुकडे परतले गेले, त्यांनी कड सोडली, भोपळा बसला, तांदूळ बसले. पावडर पाण्यात कालवली तर ती कमळाबाईच्या हातच्या दुधापेक्षा दाट आणि पांढरी झाली, आणि जुडाहला मनातल्या मनात विज्ञानाचं कौतुक वाटलं. मीठ तळहाताच्या खळग्याने. झाकण. गॅस बारीक. गॅलरीतून तोवाचा आवाज आला, आई, वास कसा येतोय सांग ना. शुलामिथ म्हणाली, बरा येतोय. तिच्या तोंडी हा शब्द आजवर फक्त तिच्या स्वतःच्या आईच्या हातच्या जेवणाला लागला होता.

आठला पाच कमी असताना जुडाहने गॅस बंद केला. आता दहा मिनिटं झाकण काढायचं नाही, अशी कमळाबाईची ताकीद होती. वाफेला आपलं काम करू द्यायचं. दहा मिनिटं नुसतं उभं राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. हाताशी काही नसलं की तो असेल ते वाचायचा. रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजू, औषधाच्या डबीतला कागद. त्याने चष्मा चढवला आणि हिरवं पाकीट वाचायला घेतलं. सवयीप्रमाणे खालून.

तळाला कारखान्याचा पत्ता. त्याच्या वर तारीख. त्याच्या वर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, असं की या नारळाच्या दुधाच्या पावडरीत दुधाची पावडर आहे.

त्याने चष्मा काढला, बनियनला पुसला आणि पुन्हा वाचलं. छापलेलं बदललं नाही.

टोप ओट्यावर शांत बसला होता. झाकणाच्या कडेने वाफेची एक बारीक रेघ निघत होती आणि त्या वाफेत भोपळा होता, कोंबडी होती, सात संध्याकाळी होत्या. गॅलरीत तोवा आईला सांगत होती की तिकिटाचं पान उघडून ठेवलं आहे, नुसतं बटण दाबायचं बाकी आहे, सोमवारची एकच सीट उरली आहे. शुलामिथ म्हणाली, थांब जरा, ताट तर येऊ दे. तिच्या आवाजात हसू होतं. हे हसू जुडाहने या घरात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

पाकीट केवढंसं होतं. चार घड्या घातल्या तर मुठीत मावलं असतं. नासका नारळ ज्या पिशवीत गेला त्याच पिशवीत तेही गेलं असतं आणि उद्या सकाळी घंटागाडी दोघांनाही घेऊन गेली असती. चवीत कळणार नव्हतं. शुलामिथ पोटभर जेवली असती आणि सोमवारी विमानात बसली असती. तोवाला भीती वाटत होती. बाप म्हणून बघितलं तर हे सगळं बरोबरच होतं. जुडाहने एक घडी घातली. मग दुसरी. ऑफिसात त्याच्या टेबलासमोर बसून कितीतरी लोकांनी त्याला हेच सुचवलं होतं, वाक्रुळकरसाहेब, एक ओळ तर आहे. तो त्यांना चहा पाजून परत पाठवायचा.

त्याने दोन्ही घड्या उलगडल्या, पाकीट मांडीवर घासून सरळ केलं आणि गॅलरीत गेला.

"शुला, हे जेवायचं नाही आपण."

तिने अट मोडून मागे बघितलं. त्याने पाकीट पुढे केलं. तिने ते हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला, मग त्याच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या नाकावर ठेवला. त्याने नखाने ओळ दाखवली. ती बराच वेळ वाचत राहिली. ओळ तेवढी मोठी नव्हती.

"टोपात घातलं?"

"तीन चमचे. नारळ नासका निघाला. मी हे वाचायला पाहिजे होतं, वाचलं नाही."

"तुम्ही चाखलंत?"

"नाही."

"एवढा वेळ रांधलंत आणि एकदाही चाखलं नाही?"

"सवय नाही," जुडाह म्हणाला, आणि मग त्याला कमळाबाईची सगळी हकिगत सांगावी लागली. शुलामिथने ती शांतपणे ऐकून घेतली. तिला ती आठवडाभर माहीत होती. साखरेसाठी चालायला गेलेला माणूस कोळंबीचा वास घेऊन परत येत नाही, एवढंच ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ता. पाचएक मिनिटं झाली."

"पाच मिनिटं काय करत होतात?"

इथेही काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. चष्मा शोधत होतो, असं. पण तो चष्मा तिच्या नाकावर होता आणि त्यातून ती त्याच्याकडे बघत होती.

"सांगावं की नाही, त्याचा विचार करत होतो."

समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी दोरीवरचे कपडे ओढून घेत होतं. कुंडीपाशी टेकवलेल्या फोनमधून तोवाने विचारलं, काय झालं, झालं का जेवण, बाबा पास का?

शुलामिथने फोन उचलला.

"तुझे बाबा नापास झाले," ती म्हणाली. "तिकीट काढ."

तोवाला वाटलं आवाज नीट आला नाही. नापास झाले म्हणतेस, मग तिकीट कसं, असं ती तीनदा विचारत राहिली. तिला सोमवारचंच काढ, खिडकीची जागा आहे का बघ, असं सांगून शुलामिथने फोन ठेवला. जुडाहलाही नीट कळलं नव्हतं, पण विचारलं तर निर्णय बदलेल या भीतीने तो गप्प उभा राहिला.

तेवढ्यात कमळाबाई रोडपालीहून परत आली आणि विद्यार्थ्याचा निकाल ऐकायला थेट वर आली. तिला झालेला प्रकार सांगितला. ती दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. कोंबडी चालते, नारळ चालतो, दूध चालतं, मग तिघं एका जागी बसली तर बिघडलं काय, हे तिला पंचवीस वर्षांत समजलं नव्हतं आणि आजही समजलं नाही. पण समजलं नाही म्हणून तिने कधी वाद घातला नव्हता. तिने झाकण काढलं, वास घेतला, बोटभर भात तोंडात टाकला. जीभ लावायचं काम तिचंच होतं.

"मीट बराबर हाय," तिने निकाल दिला. "सुकट नाय, तेवडीच खोट." आणि पदराने टोप धरून ती खाली निघून गेली. तळमजल्यावर त्या रात्री सहा माणसं जुडाहच्या हातचं जेवली. कमळाबाई सोडली तर त्याच्या हातचं जेवण चाखणारी ती पहिली माणसं.

वर दोघांना भूक लागलेली. घरात पाव होता, लोणी होतं. जुडाह म्हणाला, चहा करतो. शुलामिथ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तो दुधाची पिशवी घेऊन वळला आणि फळ्यांसमोर थांबला. त्याचा हात वर गेला, वरच्या फळीवर, आणि छोटं पातेलं घेऊन खाली आला. तरीही त्याने ते उलटंसुलटं करून काठाखाली कुठे लाल ठिपका नाही ना, ते बघून घेतलं.

चहात साखर होती. शुलामिथने पावाला लोणी लावून त्याच्या बशीत ठेवला.

"मी फेल झालो ना?" त्याने शेवटी विचारलं.

"झालात."

"मग जातेयस कशी?"

तिने चहाचा घोट घेतला, कप ठेवला.

"मागच्या वेळी तीन आठवडे लागले होते," ती म्हणाली. "आणि तेही दुसऱ्याने सांगितलं तेव्हा. आज पाच मिनिटं लागली."

दूध प्रकरण मिटलेलं नव्हतं, हे जुडाहला तेव्हा कळलं, आणि आत्ता मिटलं, हेही. त्याने पाव चहात बुडवला आणि जरा जास्तच वेळ बुडवून ठेवला, त्यामुळे तो तुटून कपात पडला. शुलामिथने चमच्याने काढून त्याला भरवला. तीन महिने काय खाणार, याची यादी तिने तिथेच तोंडी केली. सोमवारी उसळ-भात. मंगळवारी अंडी. मासा कमळाबाईकडून आणायचा, पण खवल्यांचा, आणि तिने काही म्हटलं तरी सुकट नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा तो लावेल, मेणबत्त्या कपाटात डाव्या हाताला. पाकिटातलं काही आणायचं नाही.

"आणलं तर खालून वाचेन," जुडाह म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाईने टोप परत आणून दिला. राखेने घासून असा लख्ख केला होता की लाल ठिपकाही गेला होता. भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही, आणि या घरात काय भरून द्यावं याची तिला दर वेळी पंचाईत व्हायची. या वेळी टोपात एक नारळ होता. कानाशी हलवून बगितलाय, पानी वाजतं, असं सांगून ती गेली.

टोपाला शुद्ध करायची रीत शुलामिथच्या आईची होती: चोवीस तास कोरडा ठेवायचा, मग काठोकाठ पाणी भरून उकळायचं, इतकं की पाणी काठावरून बाहेर सांडलं पाहिजे, म्हणजे कडही धुऊन निघते. गुरुवारी रात्री साडेआठ वाजता ते काम जुडाहकडे आलं. शुलामिथ आतल्या खोलीत बॅग भरत होती. बाळाची दुपटी, गोधडी, नातीचं किंवा नातवाचं अजून न ठरलेलं काहीतरी, लोणच्याच्या दोन बरण्या, ज्या विमानात नेऊ देतील की नाही यावर मायलेकींचं दोन दिवस चाललं होतं. मधूनच ती बाहेर आली आणि नेलपॉलिशची बाटली ओट्यावर ठेवून गेली. पुसून झाल्यावर ठिपका तुम्हीच लावा, म्हणाली.

जुडाह टोपासमोर उभा राहिला. पाणी आधी तळाशी कुजबुजलं, मग बुडबुडे वर आले, मग सगळा टोप खदखदायला लागला. तेहतीस वर्षं या ओट्यावर थेंब सांडला तर त्याला पुसायचं फडकं दाखवलं गेलं होतं. त्याचा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला आणि त्याने तो मागे घेतला. पाणी काठावर चढलं, क्षणभर तिथे थरथरत थांबलं आणि चारी बाजूंनी खाली आलं. शेगडीवर चर्र झालं, गॅस विझला, त्याने बटण बंद केलं, आणि पाणी ओट्यावरून त्याच्या पायांशी टपकू लागलं.

आतून शुलामिथने विचारलं, "सांडलं का?"

"सांडलं," जुडाह म्हणाला. "सगळीकडे सांडलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.